पहिल्या मोगरीचं लाकूड

नारुको, १४ जानेवारी

ती. फुसाए आत्यास,

शि. सा. न. सध्या मान लववली एवढंच समजून घे. साष्टांग घालण्याइतकी कोरडी जमीन इथे नाही.

तुझ्या झाडाचे सुके पर्सिमॉन पोचले. मी मोजले तेव्हा अठरा होते. गेन्पेई काका म्हणतात की त्यांनी मोजणीच्या आधी दोन खाल्ले, म्हणजे तू वीस पाठवले असावेस. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, तेव्हा पत्रच बरं.

तू विचारलंस, दोन महिने झाले, तिथे नक्की करतेस काय? सकाळी साडेसातला कारखान्यात जाते. कारखाना म्हणजे तुझे जुने शेजारी कान्झाबुरो आजोबा, लाकडी बाहुल्यांचे चेहरे रंगवणाऱ्या हात्सुए आजी, हत्यारं घडवणारे गेन्पेई काका आणि तीन लेथ. पहिला महिना मी फक्त धार लावली. दुसऱ्या महिन्यात लाकडाला हत्यार लावायची परवानगी मिळाली. लाकूड फिरत असताना पटाशी किती अंशांत धरायची, असं मी विचारलं. आजोबा म्हणाले, लाकूड ओरडेनासं होईपर्यंत. मी वहीत लिहून घेतलं. एकक लिहिलं नाही.

आता मोगरी करायला शिकते आहे. लेथच्या तोंडाशी एक लोखंडी वाटी असते. लाकडाचं टोक तिच्यात मोगरीने ठोकून बसवतात आणि मग कातायला घेतात. ठोकणं नीट झालं नाही तर लाकूड उडून कपाळात येतं. म्हणून इथे प्रत्येकाची मोगरी ज्याची त्याची असते आणि दुसऱ्याच्या मोगरीला कोणी हात लावत नाही. हातातला दांडा आणि डोकं एकाच लाकडातून कातायचं, जोड नाही. गेन्पेई काकांनी यातली गोम सांगितली. पहिली मोगरी कातायची तर तिचं लाकूड वाटीत कोण ठोकणार? आपल्याकडे मोगरी नसते. दुसऱ्या कुणीतरी आपल्या मोगरीने घाव घालावा लागतो. जो घाव घालतो तो गुरू, आणि मग जन्मभर त्याला या मुलीला मी ओळखत नाही असं म्हणता येत नाही. शिष्याने मागायचं असतं, गुरूने आपणहून द्यायचं नसतं. तोवर आपण पाहुणे. पाहुण्यांचं लाकूड स्क्रूने पकडतात. माझं स्क्रूने पकडलेलं असतं.

कान्झाबुरो आजोबांनी बारा वर्षांत कोणासाठी घाव घातलेला नाही. माझी बेअरिंगच्या कारखान्यातली रजा ३१ मार्चला संपते. बाकी ठीक.

पर्सिमॉन परत पाठवलेस तर पेटीला आतून कागद लाव, दोन चिकटले होते. माया आहे तेवढी पुरे, कमी मात्र करू नकोस.

तुझी,
तोमोए

~

साकाता, २० जानेवारी

चि. तोमोए हिस,

अ. उ. आ. यातले दोन वैतागाचे आहेत, ते कोणते हे तू मोजून काढ.

अगं, तीन पानं लिहिलीस आणि त्यात तू कुठे आहेस? धार आहे, वाटी आहे, स्क्रू आहे. रजा ३१ मार्चला संपते हे मलाही ठाऊक आहे, भिंतीवर कॅलेंडर आहे माझ्या. तुला काय हवंय ते लिही. तुझे वडील लहानपणी असेच होते. भूक लागली की म्हणायचे, आई, भात शिजून किती वेळ झाला?

कान्झाबुरोचं सांगतेस! मी सात वर्षांची आणि तो बारा वर्षांचा असताना कमरेइतक्या बर्फातून तो माझं दप्तर वाहून न्यायचा. शाळा येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. फाटकाशी दप्तर खाली ठेवायचा आणि म्हणायचा, जड आहे. बस. ते वर्षभर चाललं. तेव्हा त्याच्याकडून भाषणाची वाट बघत बसू नकोस.

इथे समुद्रावरून वारा असा येतो की काल वाळत घातलेला मुळा शेजाऱ्यांच्या गच्चीवर सापडला. त्यांनी परत दिला, पण सगळा नाही. गुडघा बरा आहे. डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून मी त्यांच्याकडे चालत जाते आणि बसने परत येते.

पुढच्या पत्रात एक ओळ अशी हवी जिच्यात मिलिमीटर नसेल. हात्सुएला म्हणावं, माझं लोणच्याचं भांडं अजून तिच्याकडे आहे. जीव लावून आहे गं तुझ्यावर, उगाच भाव खाऊ नकोस.

तुझी,
आत्या

~

नारुको, ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वैतागाचे आशीर्वाद तिसरा आणि पाचवा असावेत असा अंदाज आहे.

तुला हवी ती ओळ आधीच लिहिते, म्हणजे राहून जाणार नाही. मला इथे राहायचं आहे.

आता बातमी. बेअरिंगच्या कारखान्यातून पत्र आलं आहे. मोजमाप विभागाची प्रमुख म्हणून मला नेमायचं ठरलं आहे. होकार की नकार ते १० मार्चपर्यंत कळवायचं आहे. सहा वर्षं मी त्याचीच वाट बघत होते, त्यामुळे पत्र वाचून आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, म्हणून पुन्हा वाचलं. तेव्हाही झाला नाही. पण आजोबा घाव घालणार नसतील, तर इथे पाहुणी म्हणून किती दिवस राहायचं? नकार कळवला आणि इथेही कोणी घेतलं नाही, तर दोन्हीकडून गेलं. हे पत्र आल्याचं त्यांना कळवू नकोस. कळलं तर ते दयेने हो म्हणतील किंवा माझ्या भल्यासाठी नाही म्हणतील. मला यातलं काहीच नको.

मागायचं शिष्यानेच असतं हे मला ठाऊक आहे. पण मागण्याआधी हातात दाखवण्यासारखी मोगरी हवी, असं मला वाटलं. म्हणून स्क्रूवरच्या सरावात जास्तीत जास्त अचूक मोगरी करायचं ठरवलं. आजोबांची मोगरी सर्वांत चांगली चालते, तेव्हा तिचीच प्रत करायची. हात लावायचा नसल्यामुळे ती बाकावर असतानाच कॅलिपरने चोवीस ठिकाणी मापं घेतली, आडवी आणि उभी. आराखडा काढला. मेपलच्या लाकडातून सहा दिवसांत मोगरी कातली. कुठेही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. ती मूळ मोगरीशेजारी ठेवली आणि तिघांना चहाच्या वेळी दाखवली.

पहिल्यांदा हात्सुए आजींच्या लक्षात आलं. डोक्याच्या मधोमध कंबरेसारखा खोल पट्टा आहे, तो कशासाठी केलास, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मूळ मोगरीला आहे, पकड किंवा तोल यासाठी असावा. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग हसण्यामुळे तिघांनाही बोलता येईना. आजोबांचा चहा नाकातून आला. ती झीज होती, आत्या. चाळीस वर्षं रोज त्याच जागी ठोकून लाकूड तेवढं खाली गेलं होतं. मी त्यांची चाळीस वर्षं मापून नव्या लाकडात उतरवली होती. गेन्पेई काका म्हणाले, ही जन्मतःच म्हातारी आहे, हिला पेन्शन सुरू करा. आता कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवतात. टपालवाल्यालाही दाखवली.

आजोबांनी नंतर डोळे पुसून एवढंच सांगितलं की तुझी जाड कर, झिजायला चाळीस वर्षं आहेत. मी आराखडा बदलला. मोठा व्यास सहासष्टऐवजी चौऱ्याहत्तर. म्हणजे आठ मिलिमीटर झीज, दर वर्षी शून्य पूर्णांक दोन. सूचना उपयोगाची होती.

हात्सुए आजी म्हणतात भांडं त्यांचंच आहे. सांभाळून चाल. उत्तर आलं नाही तरी चालेल असं लिहिणार होते, पण चालणार नाही.

तुझी,
तोमोए

~

नारुको, १२ फेब्रुवारी

श्रीमती फुसाए हिला,

स. न. वि. वि. मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा समजून घे की काम आहे.

तुझी भाची हुशार आहे. तिचे कान चांगले आहेत. लाकूड कुठे ओरडतं ते तिला माझ्याआधी कळतं. माझ्या मोगरीची झीज कातून आणली तेव्हा आम्ही हसून मेलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच आली होती आणि एकटी त्या मोगरीकडे बघून हसत होती. मी दारातून परत फिरलो आणि खोकत आत आलो.

ती मागत नाही. तीन महिने झाले. सराव करते, दाखवते, वही मिटते, नमस्कार करते आणि जाते. तिला त्या बेअरिंगच्या कारखान्यात परत जायचं असेल. तिकडे मोठी नोकरी आहे म्हणतात. मी तिला जाड मोगरी कर म्हणालो, यापेक्षा जास्त काय म्हणणार? तिने मिलिमीटर विचारले.

मी विचारणं बरं नाही. विचारलं तर तिला नाही म्हणता येणार नाही, म्हाताऱ्याला कोण नाही म्हणतं. शिवाय शिकायला दहा वर्षं लागतात आणि मी एक्याऐंशीचा आहे. अर्धवट शिकवून मेलो तर ते सोडण्याहून वाईट. तिला यातलं काही सांगू नकोस. शपथ आहे.

मग पत्र कशाला लिहिलं, तर कुणाला तरी लिहावं म्हणून. गुडघ्याला उन्हाळ्यात इथे गरम झऱ्याच्या पाण्यात आण. जुनी ओळख आहे ती तशीच असू दे, वाढवायला वेळ कमी आहे.

कान्झाबुरो

~

साकाता, १८ फेब्रुवारी

चि. तोमोए हिस,

अ. उ. आ. या खेपेला सगळे चांगले आहेत, मोजत बसू नकोस.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा त्या ओळीपाशी थांबले. त्यावर मला पुष्कळ लिहायचं आहे आणि एक अक्षरही लिहिता येत नाही. या महिन्यात माझं तोंड दोन बाजूंनी बांधलेलं आहे. कोणी बांधलं ते विचारू नकोस. तेव्हा हवापाण्याचं लिहिते.

हवा: वारा. पाणी: गोठलेलं.

मंगळवारी बसथांब्यावर दोन म्हाताऱ्या होत्या. बस आली, दार उघडलं. पहिली म्हणाली, तुम्ही आधी. दुसरी म्हणाली, छे, तुम्ही आधी. पहिली वाकली, दुसरी जास्त वाकली. ड्रायव्हर बिचारा सभ्य, थोडा वेळ थांबला. मग दार लावून निघून गेला. दोघी थंडीत उभ्या राहिल्या, एकमेकींच्या चांगुलपणावर खूश. मी आतून बघत होते. मी आधीच चढून बसले होते.

हे तुला का लिहिलं मला माहीत नाही. वय झालं की माणूस काहीही लिहितं.

आणि एक. बाकावर ठेवलेली वस्तू कोणी उचलत नाही, सगळ्यांना वाटतं दुसऱ्याची आहे. हातात दिलेली घ्यावी लागते.

तू झीज कातलीस आणि मोगरी अर्ध्या मिलिमीटरवर आणलीस, पण त्या म्हाताऱ्याच्या एका वाक्याला भागाकार करून ठेवलास. ते वाक्य परत वाच. भागाकार न करता. दारात डोळे लावून बसले आहे, तेव्हा टपालाचा खर्च कर.

तुझी,
आत्या

~

नारुको, २ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. या वेळी खरोखर वाकून. अंगणातलं बर्फ थोडं सरकलं आहे.

तुझ्या सांगण्यावरून ते वाक्य परत वाचलं. झिजायला चाळीस वर्षं आहेत. कोणाला आहेत, हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. सहा वर्षं मोजमाप विभागात काम केलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने ही चूक गंभीर आहे.

काल सकाळी मी मेपलचा ओंडका घेतला, लांबी तीनशे दहा. एरवी मी तो बाकावर ठेवते. काल ठेवला नाही. आजोबा लेथपाशी बसले होते. मी समोर गुडघे टेकून बसले आणि ओंडका दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला. रात्री चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणाले, माझ्यासाठी घाव घाला.

त्यांनी ओंडका उलटासुलटा केला. गाठ कुठे आहे ते अंगठ्याने पाहिलं. गेन्पेई काका भट्टीचा भाता ओढायचे थांबले. हात्सुए आजी बाहुलीची भुवई काढत होत्या, ती अर्धीच राहिली. आजोबा म्हणाले की शिकायला दहा वर्षं लागतात, आणि माझं वय तुला माहीत आहे का.

मी म्हणाले, माहीत आहे. एक्याऐंशी वर्षांच्या पुरुषाला सरासरी साधारण साडेआठ वर्षं उरलेली असतात, सरकारी तक्त्यात मी बघितलं आहे. दीड वर्ष कमी पडतं. म्हणून जेवणाच्या सुटीआधी सुरू करावं.

हे बोलल्यावर लक्षात आलं की असं कोणी बोलत नाही.  मला ओंडका परत घेऊन उठावंसं वाटलं, पण तो त्यांच्या हातात होता. मग हात्सुए आजी म्हणाल्या की दीड वर्षाचं मी बघते, मी चौऱ्याहत्तरचीच आहे. गेन्पेई काका म्हणाले की तक्ता सरासरीचा असतो आणि या माणसाने आयुष्यात सरासरी काहीही केलेलं नाही.

आजोबांनी मांडीवरचा भुसा झटकला. ओंडका वाटीच्या तोंडाशी लावला आणि मला धरायला सांगितला. मी धरला. त्यांनी आपली मोगरी उचलली. मी अजून धरूनच होते.

ते म्हणाले, “हात काढ.”

मी काढला. तीन घाव. पहिल्या दोन घावांचा आवाज पोकळ होता. तिसऱ्याला लाकूड आणि लोखंड एकच झाल्यासारखा आला. वहीत तो कसा लिहायचा ते सुचलं नाही, म्हणून फक्त तारीख लिहिली.

त्यानंतर ते मला दोन तास रागावले. मी उभी चुकीच्या बाजूला राहते, पटाशी भीत भीत धरते, आणि तीन महिने तोंडात काय धरून बसले होते. पाहुणी असताना यातलं कोणी काही म्हणत नव्हतं. हात्सुए आजींनी आल्याचा चहा दिला आणि सांगितलं की रोज असंच असतं, सवय होते. मला आताच झाली आहे.

बेअरिंगच्या कारखान्याला आज नकार कळवला. चार ओळींचं पत्र, त्यात एक आभाराची. टपालपेटीपर्यंत गेले आणि लगेच टाकलं. पेटीशी उभी राहून विचार करावा लागेल असं वाटलं होतं, तो करावा लागला नाही. बाबांना तूच सांग. त्यांनी विचारलं तर म्हण, भात शिजला आहे.

तुझं तोंड कोणी बांधलं होतं ते आजोबांनी सांगितलं. तू आम्हां दोघांचीही शपथ मोडली नाहीस आणि एका बसच्या गोष्टीवर काम भागवलंस. ती बस खरी होती की नाही, ते मी विचारणार नाही.

आजोबांचा निरोप: उन्हाळ्यात ये, गुडघा गरम पाण्यात ठेव. स्टेशनवरून सामान ते स्वतः घेऊन येणार आहेत. मी सांगितलं की त्यांचं वय बघता ते योग्य नाही. त्यांनी मला झाडू दिला.

आता इथला भुसा गोळा करायचा आहे, म्हणून थांबते. आत्या, मला फार आनंद झाला आहे. ये लवकर.

तुझीच,
तोमोए