पानावर नसलेली ओळ

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. पाकीट डिंकाने चिकटवून वर तू चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली होतीस. ती कापताना तुझे अर्धे आशीर्वाद कात्रीत गेले. कुणीतरी तुझा ईमेल पळवून साऱ्या नातेवाइकांना तुझ्या नावाने रडके निरोप धाडले, त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हा तुझा पासवर्ड म्हणजे भावोजींचं नाव आणि पुढे एक आकडा होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तू टपालावर ठाम आहेस ते मात्र बरंच आहे. पडद्यावर तुझं अक्षर कुठून दिसणार?

आता मुद्द्याचं. आमच्या ग्रंथालयातला प्रोग्रॅम राहणार की जाणार, हे १८ तारखेला कार्यकारी मंडळाच्या सभेत ठरणार आहे. तुला ठाऊकच आहे, छापखाना बंद पडल्यावर मी इथे लागलो. मुद्रितशोधक माणूस, कॉम्प्युटरचा एकही वर्ग केलेला नाही. एक जुनं यंत्र खोलून, जोडून, पुन्हा खोलून शिकलो आणि अकरा वर्षांपूर्वी इथे ओपन सोर्स प्रोग्रॅम बसवला. म्हणजे ज्याचा आतला मजकूर अक्षरन् अक्षर इंटरनेटवर वाचायला खुला असतो आणि जगभरची ग्रंथालयातली माणसं मिळून जो लिहितात, असा. आज सहा हजार दोनशे चौदा सभासदांच्या नोंदी त्यावर आहेत आणि अकरा वर्षांत एक नोंद इकडची तिकडे झालेली नाही.

मंडळातल्या दातांच्या डॉक्टरांना तो नको आहे. त्यांच्या दवाखान्यात एका कंपनीचा प्रोग्रॅम आहे, तोच इथेही आणायचं त्यांनी मनावर घेतलंय. ते म्हणाले की ज्याचं पोट कुणालाही उघडून बघता येतं असा प्रोग्रॅम वापरणं म्हणजे घराची किल्ली फाटकाला टांगणं. मी म्हटलं, किल्ली नव्हे, फार तर कुलपाचा नकाशा, आणि चांगलं कुलूप नकाशा कळला म्हणून उघडत नाही. त्यावर ते नुसते हसले. त्यांचे दात इतके छान आहेत की सगळ्यांना त्यांचंच पटलं.

प्रोग्रॅम गेला तर माझ्याकडे पुस्तकांवर शिक्के मारायचं काम उरेल. शिक्क्याला मी कमी लेखत नाही, मी मारलेला शिक्का कधी तिरका नसतो. पण अकरा वर्षं उभी केलेली गोष्ट डोळ्यांदेखत उपटून नेलेली बघवणार नाही.

भावोजींना नमस्कार. तुझी माया आहेच, १८ तारखेपर्यंत ती जरा वाढवून दे.

तुझा,
धाकटा

७ जून

चि. भिंगोबास,
अ. उ. आ.

लहानपणी आमटीतली मोहरीसुद्धा भिंगाखाली धरायचास म्हणून हे नाव पडलं. आता साठी आली तरी मी ते सोडणार नाही.

रागावणार नसशील तर एक सांगते. मला डॉक्टरांचं पटतं. सगळ्यांना दिसतं म्हणजे चोरालाही दिसतं, एवढं साधं गणित आहे. यांचं तर म्हणणं असं की जो फुकट राबतो त्याच्या पोटात काहीतरी असतं. मी यांना विचारलं, की तेहतीस वर्षं मी तुमचे डबे भरले, त्यात माझा कोणता डाव होता? मग हे वर्तमानपत्रात शिरले ते जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर आले नाहीत.

पण मला दुसरंच विचारायचंय. आमच्या वॉर्डात नियम होता की प्रत्येक इंजेक्शन दोन नर्सेसनी तपासायचं आणि दोघींनी सही करायची. मी मेट्रन झाल्यावर आठवडाभर नुसती उभी राहून बघितलं. पहिली सही करत होती, कारण दुसरी बघणारच आहे. दुसरी सही करत होती, कारण पहिलीने बघितलेलंच आहे. कागदावर चार डोळे, आणि बाटलीवर एकही नाही.

तू नेहमी छाती काढून सांगतोस की तुझा प्रोग्रॅम सगळं जग वाचतं. जगाचं सोड. तू वाचलास का?

उत्तर खरं लिही, आणि जेवण वेळेवर घे. माझ्या भावजयीला सांग की तुझ्या तब्येतीचं तिने कळवावं, तू आकडे देतोस पण कसा आहेस ते लिहीत नाहीस.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही. वाचला नव्हता.

तुझं पत्र ९ तारखेला आलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं, आणि ज्याच्या नावाने मी सभांमधून हात वर करतो तो मजकूर अकरा वर्षांत एकदाही वाचला नव्हता. कुणीतरी वाचतच असेल, असं धरून चाललो होतो.

मग सभासदांना ज्या भागातून आपापलं खातं दिसतं, तेवढा भाग कागदावर दोन प्रतींत छापून काढला. दोनशे बारा पानं झाली. छापखान्यात जसे बसायचो तसे आम्ही दोघं बसलो. ही एक प्रत मोठ्याने वाचणार, मी दुसऱ्या प्रतीवर पेन्सिल फिरवत जाणार. आमचं लग्न अशाच एका टेबलावर जमलं, हे तुला वेगळं सांगायला नको. हिला प्रोग्रॅममधलं एक अक्षर कळत नाही, आणि वाचणाऱ्याला ते न कळलेलंच बरं असतं. अर्थ कळला की जीभ पुढे पळते. कंस उघडा, कंस पुरा, नवी ओळ, असं ही एका सुरात वाचत होती.

काल सकाळी दहा पन्नासला ते घडलं. या मजकुरात प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्याच तीन ओळी येतात. इतक्या वेळा वाचून त्या हिला तोंडपाठ झाल्या होत्या. एका प्रकरणाशी हिने तिन्ही ओळी म्हटल्या, आणि माझ्या पेन्सिलीखाली दोनच निघाल्या. मी वैतागून म्हटलं, की कागदावरचं वाच, पाठ केलेलं म्हणू नकोस. छापखान्यात याहून मोठा गुन्हा नव्हता. हीसुद्धा तडकली, की तीस वर्षांत असं कधी केलं नाही. मग हिने आपल्या कागदावर बोट ठेवलं. तिथेही दोनच ओळी होत्या. पानावर नसलेली ओळ हिने वाचली होती.

आणि ती ओळ तिथे असायलाच हवी होती, ताई. खातं उघडायच्या आधी ती विचारते, की मागणारा माणूस खरंच त्या खात्याचा मालक आहे का. ती नसली तर कुणीही कुणाचंही खातं उघडावं. सुट्टी होती तरी मी किल्ली घेऊन ग्रंथालयात गेलो. साध्या सभासदासारखा माझ्या नावाने आत शिरून एका अनोळखी सभासदाचं खातं मागितलं, आणि ते उघडलं. तत्क्षणी बंद केलं. कुणाचं होतं ते तुलाही सांगणार नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी आमच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ घातली, पुन्हा मागून पाहिलं, दार बंद. वहीत वेळेसकट नोंद केली.

मग हा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या मंडळींना कळवलं. तीन तास चाळीस मिनिटांत उत्तर आलं, कुठल्याशा शाळेच्या ग्रंथपालबाईंचं. चूक खरी आहे, दुरुस्ती बरोबर आहे आणि सुधारलेला प्रोग्रॅम २० तारखेला सगळ्यांना मिळेल, असं त्यांनी लिहिलं. तोवर चूक कुठे आहे ते कुणालाही सांगू नका, नाहीतर बाकीची ग्रंथालयं उघडी पडतील, अशी विनंती केली. मी शब्द दिला. म्हणून कोणतं प्रकरण ते इथे लिहीत नाही. टपालालाही डोळे असतात, हे तूच म्हणतेस.

पण आमची सभा १८ ला आहे. तिथे गप्प बसलो आणि मतं माझ्या बाजूने पडली, तर ती फसवून घेतलेली ठरतील. सगळं सांगितलं तर दिलेला शब्द मोडतो, आणि डॉक्टरांना आयतं कोलीत मिळतं. मी काय करू?

उत्तराची वाट बघणारा,
धाकटा

१५ जून

चि. भिंगोबास,
अ. उ. आ.

आधी भावजयीची पाठ माझ्यातर्फे थोपट. तिच्यावर ओरडल्याबद्दल माफी मागितलीस का, ते तू लिहिलेलं नाहीस. म्हणजे मागितलेली नाहीस. आधी ते काम कर.

आता ऐक. एकदा सलाइनच्या एका खेपेवर चुकीच्या चिठ्ठ्या लागून आल्या. भांडारप्रमुखांनी मला कळवलं आणि सगळ्या वॉर्डांतल्या बाटल्या परत येईपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, बभ्रा करू नका म्हणाले. मी मोठ्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, की काहीतरी चुकलंय, माझ्या वॉर्डापुरतं मी ते थांबवलंय, काय ते दुपारी सांगेन, तोवर एकही बाटली लावू देणार नाही. तीन तास ते माझ्याकडे बघून धुमसत होते. पण थांबले.

तूही तसंच कर. चूक आहे म्हणून सांग, आपल्याकडची बुजवली म्हणून सांग, कुठे ते एकवीस तारखेला सांगतो म्हण आणि मतदान तेव्हा घ्या म्हण. डॉक्टर दात दाखवतील, दाखवू देत. त्यांचा धंदाच तो आहे. सगळं खरं थोडं उशिरा सांगितलं तर चालतं, पण अर्धंच खरं वेळेवर सांगितलेलं चालत नाही.

हे म्हणतात, की हरला तर इकडे ये, चार दिवस राहा. मी म्हटलं, जिंकला तरी येऊ दे की.

पाठीशी असलेली,
ताई

२३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि या खेपेला खरोखरचे साष्टांग!

माफी मागितली. तुझं पत्र आल्यावर चार मिनिटांत.

१८ ला मी तू सांगितलंस तसाच उभा राहिलो आणि तसंच बोललो. डॉक्टर खुर्चीवरून जवळजवळ उडालेच. ते म्हणाले, की आरोपीने स्वतःच कबुली दिली, आता पुरावा कशाला हवा. आमच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांनी थंडपणे सांगितलं, की न्यायालय चालवायची सवय इथे फक्त एकाच व्यक्तीला आहे. मग आपलं ग्रंथालय आज सुरक्षित आहे का, एवढंच मला विचारलं. मी वही पुढे ठेवली. त्यांनी नोंद वाचली, वेळेखाली बोट फिरवलं आणि सभा २१ वर ढकलली. मधले तीन दिवस मला जेवण गेलं नाही असं ही म्हणते. माझ्या मते दोन.

२० तारखेला जाहीर सूचना निघाली. आता तुला सांगायला हरकत नाही. पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायचं जे प्रकरण आहे, तिथली ओळ सुटली होती. चार वर्षांपूर्वी कुणीतरी ते नव्याने लिहिताना नजर एका ओळीवरून उडाली, छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी जशी ओळ गाळायचे अगदी तशी. चार वर्षं ती जागा साऱ्या जगापुढे उघडी होती आणि वाचली कुणीच नव्हती. सूचनेत शोधणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत आहे. मी दोन नावं कळवली, हिचं आधी. ओळ आधी हिच्या तोंडात आली, माझ्या पेन्सिलीला नंतर कळली. ही तो कागद शेजारणीला दाखवून आली, सहज गेल्यासारखी.

२१ ला अध्यक्षांनी सूचना मोठ्याने वाचली. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, की उघडा प्रोग्रॅम आपोआप सुरक्षित असतो असं मी अकरा वर्षं सांगत आलो, ते चुकीचं होतं. तो वाचता येतो, एवढंच खरं आहे. वाचायचं काम आपलं.

मग डॉक्टरांनी घसा खाकरून विचारलं, की अशी सुटलेली ओळ त्यांच्या दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्येही असू शकेल का, तिथे रोग्यांची सगळी माहिती आहे. मी म्हटलं असू शकेल, नसूही शकेल, मजकूर द्या, आम्ही दोघं वाचून देतो. त्यांनी तिथूनच कंपनीच्या माणसाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. तो माणूस गोड आवाजात म्हणाला, की मजकूर कुणालाच दाखवत नाहीत, तीच तर त्यांची सुरक्षा. डॉक्टरांनी विचारलं, की मग तो वाचतं कोण. आमचीच माणसं, असं उत्तर आलं. शेवटचं कुणी आणि कधी वाचलं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा चौकशी करून कळवतो म्हणाला. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि ओठ मिटून बसले.

ठरावाला हात मागितले तेव्हा पहिला हात त्यांचा होता. नऊपैकी नऊ, ताई! मी दोनदा मोजले.

प्रोग्रॅम राहिला. वर ठराव झाला, की दर वर्षी तो ग्रंथालयात बसून वाचायचा. आम्ही एकशे चाळीस पानांपर्यंत पोचलोय, पण हिचा घसा पार बसलाय आणि खुणांनी वाचन होत नाही.

आनंदात असलेला,
धाकटा

२७ जून

चि. भिंगोबास आणि सौ. भावजयीस,
अ. उ. आ.

नऊपैकी नऊ हे मी यांना तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा यांनीच मागून घेतलं आणि फाटकाशी उभं राहून टपालवाल्याला ऐकवलं.

आता मुकाट्याने एक कर. एकशे एक्केचाळीसपासूनची सगळी पानं मला टपालाने पाठव, प्रत्येकी दोन प्रती, ठळक अक्षरांत. माझ्याबरोबरच्या तीन निवृत्त नर्सेस दुपारी चार वाजता माझ्याकडे येतात आणि सुनांच्या तक्रारी करतात. काल मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यातलं आम्हाला काही कळत नाही, हीच आमची पात्रता आहे असं कळल्यावर तिघी एकदम तयार झाल्या. वाचायला यांना बसवणार आहोत. आवाज मोठा आहे, आणि आजवर त्याचा काही उपयोग नव्हता.

भावजयीने आठ दिवस बोलू नये. तिच्या वाट्याची पानं आता आमची.

दोघांचा अभिमान वाटणारी,
ताई