अनुमोदक हवा आहे

प्रिय डेस्मंड,

जिवंत आहेस हे कळलं, आता तुझ्याशी भांडायला हरकत नाही. हृदयाची शस्त्रक्रिया नेमकी पक्षाच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, आणि मला इस्पितळातून हाकललंस: "इथे बसून काय माझे टाके मोजणारेस? स्कारबरोला जा, बसगाड्यांचा प्रस्ताव मांड." आले बाबा. समुद्रावर तोच बोचरा वारा, सभागृहात तोच ओल्या कोटांचा वास, आणि शेजारी तुझी रिकामी खुर्ची. तिच्यावर कुणी बसू नये म्हणून मी पर्स ठेवली.

प्रस्ताव बरा मांडला. खेड्यातली शेवटची बस बंद झाल्यावर म्हातारीनं दवाखान्यात काय उडत जायचं, याला टाळ्याही पडल्या. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "अनुमोदक?" आणि मी सवयीनं तुझ्या खुर्चीकडे पाहिलं. इतकी वर्षं तू उभा राहायचास, "औपचारिक अनुमोदन" एवढंच म्हणायचास आणि बसायचास. दुसरं कुणी शोधायचं मला सुचलंच नव्हतं रे. पर्स काही उठून बोलेना. अनुमोदक नसला की प्रस्ताव बारगळतो, हे तुला काय सांगायचं? पण मला काळजी प्रस्तावाची नव्हती. ही खुर्ची कायमची अशीच राहिली तर, एवढंच मनात येत होतं.

तेवढ्यात मागून पर्सी उठला. हो, तोच, दरवर्षी आपल्याला आडवा जाणारा. म्हणाला, "बाई साफ चुकतेय. पण हिचा प्रस्ताव पडला तर माझ्या भाषणानं पडेल, डेस्मंड आजारी आहे म्हणून नाही. अनुमोदन!" सभागृहात हशा पिकला. मग तो विरोधात तावातावानं बोलला आणि सपशेल हरला. बाहेर मला चहा पाजत म्हणाला, "त्या घुम्याला सांग, लवकर ये म्हणावं. तुझ्या एकटीशी भांडण्यात मजा नाही."

आपल्या नेहमीच्या लॉजवर परतले तर मालकीण ऑग्डनबाई दारातच उभ्या. "अगं, तुझ्या माणसाच्या नर्सचा फोन होता! सगळं नीट झालंय. शुद्धीवर आला नि पहिलं विचारलं, प्रस्तावाचं काय झालं?" मी जिन्यातच बसून रडले. मग पुढ्यात आलेले मासे-बटाटे सगळे फस्त केले.

"तुझा माणूस" म्हणाल्या बघ. दरवर्षी आपण दोन वेगळ्या खोल्या घेतो, तरी. एरवी मी लगेच त्यांची चूक सुधारते. आज नाही सुधारली.

म्हणून हे पत्र. माझा आणखी एक प्रस्ताव आहे. बरा झालास की तुझ्या त्या गारठलेल्या भाड्याच्या खोलीत परत जाऊ नकोस, माझ्या घरी ये. लग्न करून. भाषण नको, ते तुला जमतही नाही. उभंही राहू नकोस, डॉक्टर रागावतील. पडल्यापडल्या दोनच शब्द म्हण. ते तुला पाठ आहेत.

तुझीच, आजवर अनौपचारिक,
विनिफ्रेड