आईंच्या डोळ्यांसाठी चिनी सूप

७ फेब्रुवारी २०१९

...अंगण झाडलं, म्हशीला पेंड घातली, बिरड्याचे वाल सोलायला बसले, तेवढ्यात फोन आला. हे गुजरातला साइटवर कोसळले आणि गेले. गेल्या वर्षी, शिवरात्रीच्या आदल्या दिवशी. सासूबाई तेव्हा जिते गावी लेकीकडे आजारी होत्या. त्यांना कळवायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. बऱ्या होऊन इथे निडी गावी घरी आल्या, तरी सांगितलं नाही. मोतीबिंदूमुळे त्यांना नुसत्या सावल्या दिसतात. माझं कपाळ दिसत नाही. बांगड्या मी घालते, त्यांना ऐकू जाव्यात म्हणून.

हा विषय बंद. वहीत आजपासून फक्त आरोग्य.

रोह्याच्या वाचनालयात एका मासिकात चिनी सूप वाचलं. कलेजी, शेवंतीची सुकी फुलं आणि गोजी बेरी नावाची लाल फळं. नजरेला उत्तम. पेणचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा, अर्ध्या तासाचं काम. पण चिनी लोक इतकी वर्षं उगाच सूप प्यायले काय? घाई नको. याचा माझ्या कपाळाशी काही संबंध नाही.

१० फेब्रुवारी

सूप पहिलं. बेरी ऑनलाइन मागवल्यात, आल्या नाहीत. मनुका घातल्या. शेवंती सुकलेल्या हारातली. दोरा काढायचा राहिला. आईंनी तो तोंडातून ओढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, सगुणा, ह्यो रस्सा हाय का निर्माल्य गो?

दोरा त्यांना बरोबर सापडला. म्हणजे गुण येतोय.

१४ फेब्रुवारी

बेरी आल्या. सूप फार कडू झालं. आई म्हणाल्या, चिनी मानूस वाटी लांबूनच दिसावी आन पळता यावं म्हणून नजर वाढवत असंल.

आठवड्यातून दोनदाऐवजी रोज देणार.

१८ फेब्रुवारी

आजही नजरेची टेस्ट घेतली. चार बोटं धरली. आई लगेच म्हणाल्या, चार. मोठं यश!

रोज चारच धरते, हे नंतर लक्षात आलं. उद्यापासून बदलणार.

१९ फेब्रुवारी

बदलायचं राहिलं. चार.

२१ फेब्रुवारी

महिपती भावजी, यांचे धाकटे भाऊ, महिन्यातून एकदा परसात जाऊन यांचा आवाज काढून आईंना फोन करतात. आज म्हणाले, आई, बरी हायस ना? आईंनी विचारलं, सर्दी झाली काय रं तुला? भावजींना रडू फुटलं. त्यामुळे सर्दी खरी वाटली. छान निभावलं.

२४ फेब्रुवारी

ऑपरेशनसाठी नावं घ्यायला पेणहून माणसं आली होती. मी सांगितलं, आमचा कोर्स चालू आहे, सहा महिने लागतील. मासिकात सहा आठवडे लिहिलंय. पण आपल्याकडचं पाणी वेगळं.

२७ फेब्रुवारी

आईंनी सूप संपवलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, रविवारी वरीस भरतंय. पान वाढायची तयारी केलीस काय?

मी विचारलं, कुणाचं?

म्हणाल्या, माझ्या दिनाचं. जित्याला लेक भिंतीआड रडली तवाच कळलं मला. आन फोनवर आई म्हनतो तो महिपती. माझा दिना मला बय म्हनायचा.

मी विचारलं, मग बोललात का नाही? म्हणाल्या, तुझ्या बांगड्या वाजायच्या. म्हनलं, पोरीला तेवढाच आधार हाय, आपन कशाला काढायला लावा.

आणि सूप? म्हणाल्या, तू ढवळत बसायचीस, तेवढा येळ रडायची नायस.

त्यांनी चाचपत माझा हात धरला. म्हणाल्या, आता डोळं करून घेते. तुझं कपाळ बघायला मी भीत नाय गो.

२८ फेब्रुवारी

सकाळच्या गाडीने आईंना पेणला नेलं आणि ऑपरेशनसाठी नाव घातलं. फॉर्मवर सोबत आलेल्या बाईचं नाव आणि तिच्या पतीचं नाव विचारलं होतं. मी कै. दिनानाथ असं लिहिलं. खाली आईंनी अंगठा उठवला.