परत येणारी बोट

हेल्म्स क्रीक, अलाबामा
ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय धाकटे हॉइट आजोबा,

तुमच्या थोरल्या भावाची नात चार्ल्सी हिचा नमस्कार. तुमच्या पायाची सूज, तुमची म्हातारी कुत्री आणि तुमच्या दारातला फ्लोरिडाचा समुद्र हे तिघंही आपापल्या जागी असतील अशी आशा करते. इकडे सगळे मजेत आहेत. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमचे ओडेलदादा समोरच्या खोलीत भाड्याच्या पलंगावर पडलेले आहेत, स्वादुपिंडाच्या कर्करोगाला आता औषध नाही, आणि डॉक्टर नाताळच्या पुढचं काही बोलत नाहीत. एवढं सोडलं तर मजेतच.)

अकरा वर्षांत तुम्ही दोघा भावांनी एकमेकांना नाताळचं कार्डसुद्धा पाठवलेलं नाही, तेव्हा आधी आजोबांची चूक काय झाली ते सांगते. त्यांनी मरायची वेळ चुकवली. आपल्या देशात म्हाताऱ्यांसाठी सरकारी विमा आहे, आणि तो इतका दयाळू आहे की हॉस्पिसचा, म्हणजे मरणाऱ्याच्या घरच्या शुश्रूषेचा, सगळा खर्च उचलतो: घरी येणारी नर्स, दुखणं थांबवणारं औषध, पलंग, सगळं. फक्त माणूस पासष्ट वर्षांचा लागतो. आजोबांची पासष्ट पुरी होणार मार्चमध्ये. मी विम्याच्या कचेरीत गेले. (मी समाजकार्याची पदवी घेतली आहे, घराण्यातली पहिलीच. आईनं ती चौकट करून टीव्हीच्या वर, हरणाच्या डोक्याशेजारी टांगली आहे. येणारे-जाणारे हरणाचंच कौतुक करतात.) खिडकीतल्या बाई फार गोड होत्या. म्हणाल्या, "मार्चमध्ये या, बाळा." मी म्हटलं, मार्चपर्यंत ते राहणार नाहीत. त्यावर त्यांनी माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, "मग तर काही अर्जच करायला नको."

पण माझा व्यवस्थेवर विश्वास आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. गरिबांसाठीही तसाच सरकारी विमा आहे, आणि म्हातारा ठरत नसेल तर माणूस गरीब ठरू शकतो, असं मला शिकवलं होतं. आजोबांनी जन्मभर लोकांची छपरं घातली, पैसे रोख घेतले आणि रोखच संपवले, तेव्हा गरिबीत ते सहज उत्तीर्ण होतील असा माझा अंदाज होता. गरिबाकडे घर असलेलं चालतं, म्हणे. ट्रक असलेला चालतो. पण अंगणात ती मासेमारीची मोटरबोट आहे ना, ती चालत नाही. जो माणूस बोटीत बसून मासे धरतो तो गरीब असूच शकत नाही, मग तो त्या बोटीपर्यंत चालत जाऊ शकत नसला तरी. थोडक्यात, सरकारच्या एका खिडकीला आजोबा फार तरुण आहेत आणि दुसरीला फार श्रीमंत. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते महिन्याभरात पहिल्यांदा हसले. म्हणाले, "तुझी आजी असायला हवी होती. तरुण आणि श्रीमंत नवऱ्याची तिला फार हौस होती."

तर बोट विकायची ठरली. आजोबांची एकच अट होती: गरिबांच्या मदतीसाठी अर्ज करतोय हे गावात कुणालाही कळता कामा नये. "चर्चमध्ये एकाला जरी कळलं तर ते मॉर्फिन तुझ्या पदवीवर ओतेन," असं त्यांचं म्हणणं. मी मान्य केलं. माणसाची प्रतिष्ठा जपायची हे आम्हाला दुसऱ्या सत्रात होतं.

पहिला प्रयत्न म्हणजे फिश फ्राय, पैसे जमवायचं गावजेवण. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, नेहमीसारखाच: तळलेला कॅटफिश, मक्याच्या पिठाची भजी, कोबीची कोशिंबीर, आणि शेवटी बोटीची सोडत. सगळा गाव आला. जे येऊ शकले नाहीत त्यांनी कुत्र्याच्या नावानं तिकिटं घेतली. सोडत लागली ड्यूई स्टँप्सला, आणि त्यानं पुढे येऊन टोपी काढली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ओडेलदादा मरणाला टेकलेला आणि मी त्याची बोट घेऊन जाऊ? माझ्या आईनं मला असं वाढवलेलं नाही." लोक उभे राहून रडले. पाद्रीबाबांनी भजन सुरू केलं. खुर्चीतल्या आजोबांना त्याला मिठी मारावी लागली, आणि मिठीतून माझ्याकडे बघताना त्यांचा चेहरा जसा होता तसा मी कर्करोगाची बातमी कळली तेव्हाही पाहिला नव्हता. (जमलेले पैसे मी पारदर्शकता म्हणून थेट आजोबांच्या नावावर बँकेत भरले. त्यामुळे ते अजूनच श्रीमंत झाले. हे मला कुठल्याच सत्रात नव्हतं.)

मग मी शहाणी झाले. दोन जिल्हे पलीकडे, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथल्या पेपरात जाहिरात दिली. एक परका माणूस आला, रोख पैसे घेऊन, कमी बोलणारा, बुटाला शेण लागलेला. मला वाटलं, देवानं पाठवला. पण त्याला बाथरूमला जायचं होतं, आणि बाथरूमची वाट समोरच्या खोलीतून जाते. त्यानं पलंग पाहिला, आजोबांना पाहिलं, आणि आईनं तेवढ्यात त्याच्या हातात केळ्याच्या पुडिंगची वाटी दिली. त्याचे वडील गेल्या वर्षीच गेले होते. तो तासभर बसला. गेला तेव्हा वाटीखाली सगळे पैसे होते आणि अंगणात बोट होती. मी रस्त्यापर्यंत त्याच्या ट्रकमागे धावले. त्याला वाटलं मी आभार मानायला आले, त्यानं हात हलवला आणि वेग वाढवला.

तिसऱ्या वेळी, गेल्या मंगळवारी, बोट चोरीला गेली. सकाळी पडदा सारला तर अंगण रिकामं! धाकटे आजोबा, मी पायरीवर बसून देवाचे आभार मानले. चोर! एक तरी अप्रामाणिक माणूस या गावात निघाला म्हणून मला भरून आलं. आजोबांना सांगितलं तेव्हा तेही डोळे मिटून म्हणाले, "देव त्याचं भलं करो." गुरुवारी ड्यूई आणि चर्चची पुरुष मंडळी बोट घेऊन परत आली. नवीन रंग, नवी बॅटरी, नवीन मोटर, बाजूवर आजोबांचं नाव सोनेरी अक्षरांत. "सरप्राइज!" असं ते ओरडले. आता तिची किंमत आधीच्या दीडपट झाली आहे.

दरम्यान हॉस्पिसची नर्स, लटीशा, दिवसाआड येते, आणि ती येत राहील तोवर आजोबांना दुखणार नाही. तिचे पैसे मी फिश फ्रायच्या आणि पुडिंगवाल्याच्या पैशांतून देते आहे. ते नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत पुरतील. त्यानंतर बोट अंगणात असेल, तर अर्ज नाही, अर्ज नाही तर लटीशा नाही, आणि आजोबांना इस्पितळात न्यावं लागेल. तिथे त्यांना जायचं नाही. त्यांनी सगळ्या आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही दुसरीच गोष्ट. (पहिली म्हणजे मी कॉलेजात असताना त्यांच्या लाकूड कापायच्या यंत्राची चौकशी करू नकोस, त्रास होतो, अशी.)

तब्येतीला जपा. कुत्रीला माझ्याकडून कुरवाळा.

तुमची आज्ञाधारक नात,
चार्ल्सी

ता. क. इथे भांडं कुणी रिकामं परत करत नाही आणि घेतलेलं कुणी ठेवून घेत नाही. म्हणूनच आम्ही या दशेला आलो. गावात लोक तुमच्याबद्दल काय म्हणतात त्यावर माझा कधीच विश्वास नव्हता, आता मात्र माझी सगळी भिस्त त्यावरच आहे. वादळानंतर नेलेलं आजोबांचं लाकूड कापायचं यंत्र, व्हॉन्सील आत्याची शिडी, आणि आईचं ते काचेचं भांडं ज्याच्या बुडाला तिच्या नावाची पट्टी आहे, यांतलं काही तुम्ही आजतागायत परत केलेलं नाही. या घराण्यात, बहुधा या राज्यात, बोट घेऊन गेल्यावर ती परत न आणणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. तेव्हा बोट तुम्हीच विकत घेऊन जा. फुकट मात्र देता येत नाही, सरकार त्याला लबाडी म्हणतं. रास्त भाव द्या, पावती घ्या, आणि कृपा करून तुमच्या स्वभावावर ठाम राहा. मनाला पाझर फुटू देऊ नका. आल्यावर पुडिंग खाऊ नका.

दुसरा ता. क. आजोबांना हे पत्र माहीत नाही असं लिहिणार होते. पण लिहिता लिहिता वर पाहिलं तर ते जागेच होते. म्हणाले, "हॉइट्याला लिहितेस ना? त्याला दुप्पट भाव सांग." मी म्हटलं, दुप्पट भावाला ते कधीच घेणार नाहीत. "मला काय सांगतेस," आजोबा म्हणाले, "साठ वर्षं ओळखतो त्या चोराला. एका दिवसात नाही सौदा मिटायचा. चांगली घासाघीस करायला त्याला इथं खुर्ची ओढून बसावं लागेल." मग थोडा वेळ डोळे मिटून पडले. मला वाटलं झोप लागली. "दुपारी ये म्हणावं," ते म्हणाले. "दुपारी मी जागा असतो."