ओटीचे नारळ आणि मडिकेरीचा चढ

प्रिय आई,

येत्या रविवारी तुमची तीन चाकांची सायकल आपल्या गेटबाहेर पडणार आहे, आणि ती मी चालवणार नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी हे मीच तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून तिच्यावर जुनी चादर घातलेली होती. काल ती काढली, धूळ पुसली, साखळीला तेल घातलं. शेजारच्या नागरत्नम्मांनी मागितलीय. यजमान गेल्यापासून त्या भाजीलासुद्धा बाहेर पडत नाहीत. परवा कुंपणापाशी आल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ती सायकल मला जमेल का? टी. नरसीपूरला, संगमापर्यंत जायचंय म्हणाल्या.

मला तुम्ही आठवलात, दुसरं कोण आठवणार!

तुम्हाला तरी कोण म्हणालं होतं जमेल म्हणून? कानाच्या दुखण्यानं चक्कर यायला लागली, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, आणि तुम्ही सोफ्यावर रुसून बसलात. त्यात ह्यांचा ऑफिसातला मित्र देश सोडून जाताना ते विचित्र वाहन आपल्या अंगणात ठेवून गेला. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये आरामखुर्चीसारखी सीट, तीही जमिनीपासून जेमतेम वीतभर. पाय पुढे लांब करायचे, पाठ टेकायची आणि पेडल मारायचं. पुण्याहून म्हैसुरात आलेली मी स्वतःला मोठी शहाणी समजते, पण असलं काही मीही पाहिलं नव्हतं. तुम्ही तिच्याभोवती एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "ह्याच्यावरनं पडायचं म्हटलं तरी कुठं पडायचं ग?"

झालं! पदर साखळीत जातो म्हणून सासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा सलवार घातलीत. आधी येलवालपर्यंत, मग हुणसूरपर्यंत जाऊन आलात. आणि एक दिवस जेवताना, आमटी वाढून घेता घेता जाहीर केलंत की आता समुद्रापर्यंत जाणार. ह्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी मी रजा काढून गाडीनं मागोमाग यायचं ठरलं. पण त्यातही तुमची अट! सामान माझ्या गाडीत ठेवायचं नाही. "तुझ्या गाडीत टाकलं तर प्रवास गाडीनं केला की ग मी. सुम्ने, गुमान मागनं ये."

आई, मला खरं तर हुणसूरच्या पुढच्या त्या दुपारबद्दल एकदा तुमच्याशी बोलायचं होतं. तुम्ही होतात तोवर तो विषय तुम्ही कधी काढू दिला नाहीत.

तंबाखूच्या शेतांच्या कडेला एका घरासमोर तुम्ही पाण्यासाठी थांबलात. त्या सायकलवर बसलेल्या माणसाशी उभ्यानं बोलताच येत नाही, त्यामुळे आतली बाई सरळ तुमच्याशेजारी उकिडवी बसली. तुम्हाला आजारी समजून आधी तिनं तुमच्या कपाळाला हात लावून पाहिला! मग म्हैसूरहून समुद्राकडे निघाल्याचं ऐकल्यावर तिनं तोंडात बोट घातलं. पाणी झालं, गूळ झाला. मी मागे गाडीला टेकून उभी होते. ती आत गेली आणि सूप घेऊन आली. सुपात तांदूळ, नारळ, हळदकुंकवाची डबी. मडिलक्की, म्हणजे आपली ओटी!

आपल्या घरी चैत्राचं हळदीकुंकू असलं की तुम्ही काय करायचात, ते मी लग्नापासून बघत होते. पहिली बाई दारात दिसली की उठायचात आणि स्वयंपाकघरात जायचात. डाळ वाटायला, पन्हं ढवळायला, काही नाही तर धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला. मामंजी गेल्यापासूनची ती रीत. मी किती वेळा म्हटलं, बसा हो आमच्यात, कोण काय म्हणतंय! तुम्ही हसायचात आणि आत जायचात.

इथे मात्र उठायची सोयच नव्हती! पाय पुढे पेडलला अडकलेले, पाठ मागे रेललेली. त्या सायकलमधून उठायचं तर तुम्हाला दोनदा झोका घ्यावा लागायचा आणि शेवटी माझा हात. तुम्ही नुसता तळवा मांडीवर आडवा धरलात आणि म्हणालात, "नम्म यजमान्रु इल्लम्मा. बेड." आमचे यजमान नाहीत ग, नको.

ती बाई थांबलीसुद्धा नाही. "अदक्केनु? मनेगे बंदिद्दीरल्ला," म्हणाली. मग काय झालं? घरी आलात ना. तुमचा हात तिनं अलगद बाजूला केला आणि ओटी भरली. रेलून बसलेल्या माणसाची ओटी कशी जगासमोर उघडी असते, ते मी तेव्हा पाहिलं. तुमच्या कपाळावर कुंकू लागलं. मला रडू आवरेना, आणि तुम्ही समोरच्या रस्त्याकडे बघत होतात. पेरियापटण येईपर्यंत तुम्ही न थांबता पेडल मारलंत. ऊन रणरणत होतं, कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं, तरी पुसलं नाहीत.

आणि मग काय तहान लागायला लागली हो तुम्हाला! पाण्याच्या दोन बाटल्या भरलेल्या असताना घराघरापुढे थांबत होतात. सगळ्यांनी काही ओटी भरली नाही. कुणी ताक दिलं, कुणी नुसतीच चौकशी केली. पण कुशालनगर येईतो सायकलच्या मागच्या पिशव्या नारळांनी तट्ट फुगल्या होत्या.

पुढे मडिकेरीचा चढ. मी हात जोडले, नारळ माझ्या डिकीत टाका, नाही तर देवळात ठेवून या. तुम्ही ऐकलंत का? "देवाला नव्हे ग, मला दिलेत." बास, विषय संपला.

आई, तो चढ मी जन्मात विसरणार नाही. सगळ्यात हलका गिअर, चालणारी माणसंसुद्धा तुमच्या पुढे जात होती. बसेस अंगावरून गेल्यासारख्या जायच्या आणि धुरात तुमच्या सायकलमागच्या काठीवरचं ते नारिंगी निशाण तेवढं हलताना दिसायचं. जीव मुठीत धरून मी मागे. दर वळणावर वाटायचं, आता थांबतील. थांबायचातही. दम घ्यायचात, पिशव्या चाचपायचात आणि पुन्हा निघायचात. कॉफीच्या मळ्यांवर धुकं उतरलं होतं. मला देवळात गेल्यावर कधी वाटलं नाही ते त्या निशाणाकडे बघताना वाटलं. हे माणूस माझ्या घरात राहतं आणि मला आजवर दिसलंच नाही! मडिकेरीत पोचल्यावर मी तुमच्या पाया पडले, तर म्हणालात, "आधी कॉफी सांग ग, मग पड."

समुद्र पाहिला, पाय भिजवले, परत आलो. त्या नारळांच्या वड्या केल्यात आणि अख्ख्या क्रॉसवर, गल्लीभर वाटल्यात. आणि पुढच्या चैत्रात? पहिली बाई दारात दिसली आणि तुम्ही उठून स्वयंपाकघरात!

इतका राग आला होता मला. तो चढ चढून गेलेली बाई हॉलमध्ये बसू शकत नाही? तुम्ही पन्हं ढवळत म्हणालात, "ते रस्त्यावरचं होतं ग. इथं सगळे ओळखतात."

त्यानंतर दुसरा चैत्र तुम्ही पाहिलाच नाहीत. एवढी घाई कसली होती आई? निदान माझ्याशी आणखी थोडं भांडायचं तरी.

असो. रविवारी सकाळी क्रॉसवरच्या सगळ्या बायका नागरत्नम्मांना निरोप द्यायला आपल्या गेटपाशी येणार आहेत. सगळ्या ओळखीच्या. मी मुद्दामच बोलावलंय. नागरत्नम्मा उठून आत जायला बघतील, हे मला माहीत आहे. म्हणून तुम्हाला शब्द देते, आधी मी त्यांना सायकलमध्ये नीट रेलून बसवीन, दोन्ही पाय पेडलला अडकवून देईन आणि मगच आत जाऊन सूप घेऊन येईन.

तुमची सून,
मृणाल