खेकडीचा चारा

रत्नागिरी, १९६४

माय,
तुझ्या पायावर डोकं ठेवून लिवतो. मी बरा आहो. इथं सरकारी तळ्यात खेकडे पाळून राहिलो. हसू नको, नोकरी पक्की आहे. खेकड्याइले शिंपल्याचं मास कापून टाकतो, पण जेवतो वरण-भातच.

तुझा गुडघा कसा आहे? गाय दूध देते ना?

एक सांगतो. खेकडी आपली अंडी पोटाखाली धरून फिरते. मांगच्या महिन्यात शिंपले भेटले नाही, म्हनून काही खेकड्याइले नुसता कोंडा टाकला. त्याइची अंडी मधातच गळून गेली. ज्याइले मास भेटलं, त्याइची पिल्लं निंगाली. 

आपल्या नांदगावात म्हनतात, पोटुशीनं कमी खाल्लं तं लेकरू लहान रायते, बाळंतपन सोपं जाते. मांगच्या खेपेले बी तसंच केलं होतं, माय. लेकरू वाचलं नाही.

हे पत्र तुले तुझी सूनच वाचून दाखवते, अन् तिच्याबद्दलची ओळ लाजून गाळते, मले मालूम आहे. जमुना, खालची ओळ गाळू नको, मोठ्यानं वाच:

माय, जमुनाले पोटभर जेवू घाल.

तुझा दशरथ