तपासायचं राहिलेलं एक तोंड

बाई, मी आता त्याच रस्त्याने माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन जातो. मूल नि सावली ही गावं मागे पडली, वैनगंगेचा पूल ओलांडला की थोड्या वेळाने जंगल सुरू होतं आणि गाडीतली पोरं मोबाइलची रेंज शोधायला लागतात. परवा धानोऱ्याच्या पुढच्या एका गावात दातांचं शिबिर होतं. शाळेच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, एक म्हातारा येऊन बसला, आणि माझी विद्यार्थिनी त्याच्या दाढेला चिमटा लावायला वाकली. म्हाताऱ्याचं डोकं धरायला कोणी नव्हतं, ते सारखं मागे सरकत होतं. मी पुढे झालो, त्याचं डोकं माझ्या पोटाशी धरलं, एक हात कपाळावर, एक हनुवटीखाली, आणि तुम्ही आठवलात. रोजच आठवता असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. मी तुम्हाला आठवायचं टाळतो.

तेव्हा मी इंटर्न होतो, कॉलेजने तीन महिन्यांसाठी ग्रामीण केंद्रावर धाडलेला. पदवी हातात यायची होती, डोक्यात मात्र आधीच शिरली होती. तुम्ही तिथल्या मदतनीस. हत्यारं उकळायचात, रांग लावायचात, लोकांशी गोंडीत बोलून आम्हाला मराठीत सांगायचात, आणि दात काढताना पेशंटचं डोकं धरायचात. दुसऱ्याच शिबिरात माझ्या हातून एका माणसाच्या दाढेचं मूळ आत मोडलं. त्याने तोंड मिटलं म्हणून मोडलं, असं म्हणत मी त्याच्यावरच खेकसलो. तो गेल्यावर खुर्ची पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुमी राग भरता ना बाबू, तं त्याचं डोकं इथी माह्या हातात कापते. मले समजते, तुमाले नाई समजत." पाच वर्षांत प्राध्यापकांनी मला पुष्कळ शिकवलं, पण भुलीचं इंजेक्शन दिल्यावर धीर धरायचा असतो, हे मी तुमच्या हातांकडे बघून शिकलो. पुढे तर तुम्ही मान हलवल्याशिवाय मी चिमटा उचलत नसे.

तिकडे खर्रा म्हणजे पाहुणचार. सुपारी, तंबाखू नि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि आल्यागेल्याच्या हातावर ठेवायचा. वर्षानुवर्षं तो गालात धरला की गाल आतून पांढरा नि ताठ होत जातो, तोंड उघडेनासं होतं, आणि काहींना पुढे कॅन्सर होतो. तोंड किती उघडतं ते बघायची साधी रीत आम्ही तुम्हाला दाखवली होती: आपलीच तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत. महिन्याभरात तुम्ही हे काम रांगेतच उरकायला लागलात. ज्याची दोनच बोटं जायची त्याला बाजूला काढून माझ्याकडे आणायचात. मग मी पुस्तकातला पहिला प्रश्न विचारायचो, तिखट झोंबतं का, आणि तुम्ही तोच गोंडीत विचारायचात. तुमच्याही कमरेला खर्ऱ्याची पन्नी खोचलेली असायची, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत भूक मारायला लागलेली सवय, असं तुम्हीच सांगितलं होतं. गाडीचा ड्रायव्हर चिडवायचा, बाईंची तपासणी कधी करता म्हणून. आम्ही हसायचो, तुम्हीही पदर तोंडावर धरून हसायचात. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आम्ही गाडीत बसवून गावोगाव फिरवत होतो.

दुपारी गाडीच्या मागच्या पायरीवर बसून आपण जेवायचो. माझ्याकडे खानावळीचा गार डबा, तुमच्याकडे भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि कोपऱ्यात लालभडक मिरचीचा ठेचा. मुलगी पहाटे उठून डबा भरून देते, हे तुम्ही कितीदा तरी कौतुकाने सांगितलं असेल. डबा उघडला की आधी तो ठेचा माझ्या पोळीवर यायचा, सगळाच्या सगळा. मी नको नको म्हणायचो ते तोंडदेखलं. तरण्या माणसाने तिखट खावं, आमचं काय आता, असं तुमचं ठरलेलं उत्तर. मग भातात पाणी घालून, कालवून, तुम्ही हळूहळू गिळत बसायचात आणि मी शेजारी बोटं चाटत. माझी आई कधीच गेली होती. कोणीतरी आपल्या पुढ्यातलं काढून मला देतंय, याचंच मला फार वाटायचं.

माझं शेवटचं शिबिर. ऊन उतरलंय, रांग संपलीय, पेट्या गाडीत चढल्यात. मी गाडीमागे हात धुतोय आणि तुम्ही येता. इकडेतिकडे बघता.

"बाबू, माह्यं तोंड पाहून देता का जी जरा? काई नाई, असंच."

आवाज थट्टेचा आहे, पण तुम्ही माझी बाही धरलेली आहे. माझ्या खिशात टॉर्च आहे. दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हणतो, आज नको बाई, सगळं बांधून झालं, सोमवारी केंद्रावर या, खुर्चीवर बसवून नीट पाहतो. सोमवारी मी नागपूरला असणार होतो, आणि ते तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही सकाळीच मला विचारलं होतं, सामान बांधलं का म्हणून. तरीही तुम्ही "बरं बरं" म्हणालात, बाही सोडलीत आणि राहिलेली बादली उचलून गाडीत ठेवलीत.

मी दमलो होतो, असं स्वतःला कैक वर्षं सांगत आलो. दमलो होतोच. पण अनोळखी माणसाच्या तोंडात बघायला मला कधी काही वाटलं नाही, आणि ज्यांच्या डब्यातलं खाल्लं त्यांच्या तोंडात काय दिसेल याची त्या दिवशी भीती वाटली. दिसलं असतं तर ते तुम्हाला सांगायची पाळी माझ्यावर आली असती. निघायच्या दिवशी मला ते नको होतं.

पुढच्या वर्षी ड्रायव्हरचा फोन आला. गालाचा कॅन्सर. नागपूरला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी तेरवीला आलो. पंगती उठल्यावर तुमची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा उकरत होती, की एका घरात राहून आपल्याला आधी कसं कळलं नाही. शेवटी शेवटी मायला दूधसुद्धा झोंबायचं म्हणाली, पण त्याच्या आधी काहीच कसं दिसलं नाही.

"डबा रोज रिकामा येत होता जी. ठेचा बी उरत नव्हता. म्हून मले वाटलं, माय बराबर खाऊन राह्यली."

बाई, तो ठेचा मी खाल्ला होता. तीन महिने रोज दुपारी तुमचं दुखणं माझ्या पोळीवर येत होतं, आणि लोकांना तिखट झोंबतं का विचारणारा मी ते मिटक्या मारत संपवत होतो. तुम्ही पोरीपासून लपवत होता, आणि तुमचं लपवणं मी पार पाडत होतो. हे सगळं मला तिथे मांडवात, तिच्यासमोर बसून कळलं. तेवढ्यात तिने विचारलं, "तुमाले कधी काई बोलली होती का माय?"

मी नाही म्हणालो.

तिने मान हलवली. "सांगितलं असतं तं तुमी पाह्यलंच असतं," म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा आणायला उठली. मी तो चहा प्यायलो. त्या वाक्याने काळजाला जी घरं पडली ती आजवर बुजलेली नाहीत, आणि ती बुजावीत असं मला वाटतही नाही.

ती अजून तुमच्याच गावात आहे, अंगणवाडीत सेविका म्हणून. आमचं शिबिर असलं की वस्तीतल्या बायकांना घेऊन येते, त्यांना सांगते, हे माह्या मायचे डॉक्टर. त्या बायका मग निर्धास्त तोंड उघडतात. तिच्या नावाने मी दोनदा पत्र लिहायला घेतलं, दोन्ही वेळा पहिल्या ओळीपाशीच अडलो. तिला खरं कळायला हवं. तिचा तो हक्क आहे, तुमच्यापेक्षा जास्त तिचाच. पण तुम्हाला लिहिलेलं टपालात टाकावं लागत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.